बागेत टायपिंग नको, फोनवर हातानं लिहा



फवारणीची नोंद मोबाईलमध्ये ठेवा, असं आता सगळेच सांगतात. कन्सल्टंट सांगतात, माल घेणारे सांगतात, घरातली पोरंही सांगतात. नोंद ठेवायला माझी ना नाही. पण बागेत उभं राहून ती लिहायची कशी, हे कुणी सांगत नाही. माझं मत सरळ आहे. आमच्या वयाच्या माणसाला टायपिंग शिकवत बसू नका. शंभर-दोनशे रुपयांचं रबरी टोकाचं टच पेन द्या आणि त्याला फोनवर हातानं लिहू द्या.

टायपिंगचं दुखणं कुठं आहे ते आधी बघा. आपल्याकडं बहुतेक जण इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहितात. म्हणजे मनात मराठी, बोटात इंग्रजी. काडी लिहायला गेलं की फोन कढी देतो. घडचा गड होतो, बोदचा बोध होतो. आमच्या एका पाहुण्यानं कन्सल्टंटला मेसेज टाकला, "खालच्या प्लॉटला भुरी दिसतेय." फोननं परस्पर केलं, "भारी दिसतेय." साहेबांनी अंगठा दाखवला. आम्ही हसलो खरं, पण भुरी काय हसून थांबते होय? मराठीचा वेगळा कीबोर्ड असतो, पण त्यात जोडाक्षर जुळवेस्तोवर टाकी रिकामी होते.

मग पोरं म्हणतात, बोलून टाका की. घरात ठीक आहे. इथं ब्लोअर सुरू असतो, वारं असतं, चार माणसं बोलत असतात. आणि 'अडीच', 'पावणेदोनशे' असले आपले आकडे बोलले की फोन काय उमटवेल ते परत वाचूनच बघावं लागतं.

या कटकटीमुळं होतं काय, तर नोंद रात्री जेवल्यावर आठवून लिहिली जाते. कुणाची आठवड्यानं, कुणाची माल ठरायच्या आदल्या दिवशी. आठवून लिहिलेल्या नोंदीत तारीख सरकते, आणि तारीख सरकली की शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस सरकतात. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. २०१० साली युरोपला गेलेल्या आपल्या मालात सीसीसीचा अंश निघाला आणि कंटेनर अडकले. तिथली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. एवढ्या बारीक हिशोबात आठवणीवर चालत नाही. नोंद झाडाखालीच व्हायला पाहिजे.

हातानं लिहायची सोय फोनमध्ये बऱ्याच वर्षांपासून आहे, फक्त आपल्याला कुणी दाखवली नाही. गुगलनं २०१५ साली ८२ भाषांतलं हस्ताक्षर वाचणारं अ‍ॅप काढलं होतं. आता जीबोर्ड नावाच्या त्यांच्या कीबोर्डातच ते मिळतं. कीबोर्डाच्या सेटिंगमध्ये भाषा, त्यात मराठी, आणि मराठीत हस्ताक्षर निवडायचं. खाली एक रिकामी पाटी येते. तिच्यावर लिहा, वर छापील अक्षर उमटतं. बोटानंही लिहिता येतं, पण आपली बोटं जाड आणि काम करून राठ झालेली. पेनानं अक्षर बारीक येतं आणि आपण काय लिहितोय ते दिसतंही.

पेनाबद्दल थोडं. आताचे स्क्रीन दाबानं चालत नाहीत, त्यांना विजेचा बारीक स्पर्श लागतो. म्हणून काडी किंवा साधं बॉलपेन टेकवून काही होत नाही, रबरी टोकाचं पेनच लागतं. काही महागड्या फोनात पेन सोबतच येतं, त्याचं टोक बारीक आणि काम फार सुरेख. पण नोंदीसाठी तेवढा खर्च करायची गरज नाही. स्क्रीनवर थेंब पडले तर पेनही वेडंवाकडं चालतं, आधी फडक्यानं पुसून घ्या. आणि फवारणाऱ्यानं पेनाला हात लावायचा नाही. लिहिणारा माणूस वेगळा, औषध हाताळणारा वेगळा. हे मी घरात सक्तीनं पाळतो.

लेखणीचं हे यंत्र शेतकऱ्यासाठी आणायचा विचार आपल्याच देशात होऊन गेलाय. बंगळूरच्या विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी काही जणांना सोबत घेऊन सिंप्युटर नावाचं हातात मावणारं यंत्र तयार केलं. ते २००४ साली बाजारात आलं. लेखणीनं चालायचं, मजकूर वाचून दाखवायचं, आणि एकच यंत्र गावातल्या अनेकांनी आपापलं कार्ड घालून वापरावं अशी सोय होती. ते फारसं खपलं नाही. कल्पना मात्र आपल्या कामाची होती.

त्याआधी परदेशात पाम नावाचं यंत्र आलं होतं, १९९६ साली. त्यात लेखणीनं लिहिता यायचं, पण अक्षरं यंत्राच्या पद्धतीनं काढावी लागायची. आडव्या रेघेशिवाय ए, असं सगळं. म्हणजे माणसानं यंत्राचं वळण शिकायचं. आता यंत्र माणसाचं वळण शिकलंय आणि आपण मात्र अजून पोरांपुढं फोन धरतो, "एवढं लिहून दे रे." माझे आजोबा मोडी लिहायचे. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची. फोनवर तर रेघेचाही आग्रह नाही. मी शिरोरेघ न देताच लिहितो, नव्वद टक्के बरोबर वाचतो.

उरलेल्या दहा टक्क्यांचं बोलू, कारण घोळ तिथंच आहे. आपला मराठी एक आणि इंग्रजी नऊ दिसायला सारखे. फोनला पण तसंच वाटतं. एका डायरीत एकाच जातीचे आकडे ठेवा. दशांशाचा ठिपका तर हमखास सुटतो. ०.५ मिलीचे ५ मिली झाले तर दहापट. जीए १०० लिटरला १ ग्रॅम टाकलं की १० पीपीएम होतं, तिथं ठिपका हलला तर घडाचं काय होईल ते डिपिंग करणाऱ्यांना विचारा. म्हणून 'अर्धा मिली' असं अक्षरात लिहा. औषधांची नावं 'कोनॅझोल'नं संपणारी बरीच आहेत, फोन त्यातलं कुठलंही पुढं करतो. शेवटची चार अक्षरं सारखी असली तरी पहिली दोन नीट वाचल्याशिवाय सेव्ह करू नका.

आणि माझं खरं म्हणणं पुढं आहे. औषध, प्रमाण, तारीख एवढ्या तीन गोष्टी छापील करूच नका. साध्या नोट्सच्या अ‍ॅपमध्ये पेनानं लिहा आणि तुमच्या अक्षरातच राहू द्या, जशी वहीच्या पानावर राहते. तिथं फोन काही बदलत नाही. शोधायला अवघड जातं हे मान्य, त्यासाठी वर फक्त प्लॉटचं नाव आणि महिना टाईप करा. कन्सल्टंटला पाठवायचा मजकूर तेवढा छापील करून घ्या.

सल्ला देणारी अ‍ॅपं काढणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. तुमच्या अ‍ॅपात सगळं यादीतून निवडायचं असतं. रोग निवडा, औषध निवडा, अवस्था निवडा. यादीत "पोंगा निघालाय पण मधल्या दोन ओळीच मागं आहेत" हे कुठं निवडू? एक कोरा चौकोन द्या, त्यात हातानं लिहू द्या, आणि लिहिलेलं तसंच जपून ठेवा. जमिनीवर काय दिसतंय ते शेतकऱ्याच्या शब्दात आलं तर कृषी विद्यापीठातल्या मंडळींनाही ते उपयोगी पडेल. आज तो शब्द यादीच्या दारातच अडतोय.

कागदाची वही वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्याकडं जुन्या वह्या आहेत, फक्त पावसानं आणि औषधाच्या शिंतोड्यांनी त्यातली निम्मी पानं चिकटलीत.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी आधी आठ दिवस घरात बसून लिहून बघा. दुधाचा हिशोब, मजुरांची हजेरी, काहीही. फोन तुमचं कुठलं अक्षर चुकवतो ते कळेल. माझा 'ध' तो हमखास 'घ' वाचतो, आणि मास्तरही तेच म्हणायचे. तुमचं कुठलं अक्षर अडतंय ते खाली लिहा. शक्यतो पेनानं.