पदवी हाती, पण हात कधी बसणार?

पुनावळे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, तेव्हा ते शेतीवाडीचे गाव होते. आज मुंबई-बेंगळुरू महामार्गालगतचा हा परिसर गृहसंकुलांनी भरला आहे आणि त्यांच्या पाठोपाठ खासगी रुग्णालयेही आली आहेत. महामार्गावरील अपघात, प्रेस मशीनखाली बोटे सापडलेला कामगार, मध्यरात्री छातीत दुखू लागलेले आजोबा, हे सारे प्रथम अपघात विभागात पोहोचतात. तेथे त्यांची नाडी धरणारी अनेकदा नुकतीच पदवी घेतलेली परिचारिका असते.

चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगमध्ये नाडी, श्वसन, रक्तदाब सारे शिकविले जाते. मात्र एका वेळी एक. अपघात विभागात तीन रुग्ण एकदम येतात. त्यांतील कोणाला आधी पाहायचे, हे क्षणात ठरवावे लागते. मोठ्याने ओरडणाऱ्यापेक्षा निपचित पडलेला रुग्ण अधिक धोक्यात असू शकतो, ही जाण केवळ पुस्तकातून येत नाही. अमेरिकी अभ्यासक मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्येच नवपरिचारिकांच्या या अवस्थेला 'वास्तवाचा धक्का' असे नाव दिले होते.

धक्का सोसण्यास आधार लागतो तो अनुभवी सिस्टरचा. खरी अडचण येथेच आहे. पगार तुटपुंजा असला, की अनुभवी परिचारिका सरकारी नोकरीकडे वा परदेशाकडे वळतात आणि नवख्यांना शिकविणारे कोणी उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही दरमहा किमान २० हजार रुपये वेतनाची शिफारस केली होती. शिफारस आणि अंमलबजावणी यांतील अंतर मात्र सर्वपरिचित आहे.

या औद्योगिक पट्ट्याला शिकाऊ उमेदवार ही संकल्पना नवी नाही. त्यासाठी १९६१ चा कायदा आहे. यंत्रावर हात बसेपर्यंत जाणत्याची देखरेख हवी, हे तत्त्व जेथे मान्य आहे, तेथे माणसाच्या प्राणांबाबत ते अधिक काटेकोरपणे पाळले जावयास हवे. पहिले काही महिने नवपरिचारिकेला रात्रपाळीत एकटे न ठेवणे आणि तिच्यासोबत ठरावीक ज्येष्ठ परिचारिका देणे, यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. हा खर्च टाळणाऱ्या रुग्णालयांच्या काटकसरीची किंमत अखेर खाटेवरचा रुग्णच मोजतो.