गाजर गवत आणि उघडी कुरणे

पावसाळा लागला की गुरुकुंज मोझरीच्या परिसरातील रस्त्यांच्या कडा हिरव्यागार होतात. परंतु त्या हिरवळीत गुरांच्या उपयोगाचे थोडे आणि गाजर गवतच फार! १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम ठळकपणे नजरेस आलेल्या या परकीय तणालाच सारा दोष देणे मात्र न्याय्य नव्हे. मारवेल, पवन्या, कुसळी ही आपली गवते उन्हाळ्यात वरून करपली तरी मुळाशी जिवंत असतात. पहिल्या सरींबरोबर ती फुटून जमीन झाकतात, व त्या दाटीत गाजर गवताचे रोप सहसा तग धरीत नाही. अतिचराईने वा खोदकामाने जमीन उघडी पडली, की ते थोड्या ओलीवर रुजते, महिना-दीड महिन्यात फुलते आणि हजारो बिया सोडते. गुरे ते टाळतात. उरलेसुरले गवत अधिकच ओरबाडले जाते. १९८४ मध्ये बंगळूरला सोडलेला मेक्सिकन भुंगेरा पावसाळ्यात त्याची पाने खातो. कोरड्या ऋतूत तोही जमिनीत निद्रिस्त होतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी शिकविलेल्या श्रमदानाने हे तण फुलोऱ्यापूर्वी अवश्य उपटावे. परंतु ई-क्लास जमिनीचे तुकडे आळीपाळीने चराईस बंद ठेवून, तेथील गवत कापून नेण्याची मुभा ग्रामपंचायतींनी गुराख्यांस दिली नाही, तर ते श्रम पुढल्याच पावसात व्यर्थ ठरतील.