बरोबर उत्तरे सारखीच, मग गुण वेगळे का?

मुळशी तालुक्यात लवळ्याच्या टेकडीवर असलेल्या सिम्बायोसिसच्या व्यवस्थापन संस्थांत प्रवेशासाठी ‘स्नॅप’ द्यावी लागते. तिचा कच्चा हिशेब घरी मांडता येतो. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव गुण वजा. परदेशातील प्रवेशासाठी ‘सॅट’ देणाऱ्यांना मात्र हा हिशेब जुळवता येत नाही, कारण ही परीक्षा ‘अ‍ॅडाप्टिव्ह’ आहे.

नेमके होते काय?

‘सॅट’मध्ये गणिताचे २२-२२ प्रश्नांचे दोन भाग असतात. पहिला कसा सोडवला, त्यावर दुसरा सोपा येणार की अवघड, हे संगणक ठरवतो. सोपा भाग वाट्याला आला, तर त्यातली सगळी उत्तरे बरोबर देऊनही ८०० पर्यंत पोहोचता येत नाही. ‘जीमॅट’ तर प्रत्येक उत्तरानंतर पुढचा प्रश्न निवडते.

‘सॅट’चे गुण नुसत्या बेरजेतून निघत नाहीत. प्रश्न किती अवघड, तो हुशार आणि कच्च्या विद्यार्थ्यांत किती फरक दाखवतो आणि अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता किती, या तीन गोष्टी पाहिल्या जातात. समजा, दोघांची १५-१५ उत्तरे बरोबर आहेत. एकाचे अवघड प्रश्न चुकले, दुसऱ्याचे सोपे चुकून अवघड बरोबर आले. दुसऱ्याचा आकृतिबंध ‘ठोकताळा’ वाटतो, म्हणून त्या अवघड उत्तरांचे वजन घटते. गणिती दृष्ट्या हे रास्त आहे. पण घाईत सोपी चूक करणाऱ्या हुशार मुलाला ते महागात पडते.

तक्रार कुठे करायची?

खरी अडचण इथे आहे. ‘एमएचटी-सीईटी’चे पर्सेंटाइलही अनेकांना कोडेच वाटते, पण तिथे उत्तरतालिकेवर आक्षेप घेता येतो. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि ५ मे रोजी फेरपरीक्षा झाली. एका सत्रातल्या सगळ्यांचे प्रश्न तेच असल्याने ओरड लगेच झाली. प्रत्येकाची प्रश्नपत्रिका वेगळी असेल, तर अशी चूक पकडणार कोण? ‘सॅट’ची सोडवलेली प्रश्नपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती पडत नाही.

‘पहिले काही प्रश्नच गुण ठरवतात’ हा क्लासमधला समज ‘सॅट’ला लागू नाही, पहिला भाग पूर्णच मोजला जातो. तिथे चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा ठेवण्यात फायदा नाही. ‘जीमॅट’मध्ये प्रत्येक विभागात तीनच उत्तरे बदलता येतात, आणि विभाग अर्धवट सोडला तर गुण घटतात.