शेवटचा अर्धा तास

हाताने काही घडवण्याचा छंद आपल्या बऱ्याच घरांत आहे. कुणाचे अब्बा पडवीत छोटा लेथ चालवतात, कुणाचा भाऊ कानस आणि हॅकसॉ घेऊन ड्रिलसाठी जिग किंवा हत्याराची मूठ बनवतो. अशा कामाला ॲल्युमिनियम सोयीचे. हलके, कापायला सोपे. पण ते हात काळे करते आणि त्यावर ओरखडे लवकर पडतात. यावर उपाय ॲनोडायझिंगचा. दहावीच्या मुलांना आपण विद्युत अपघटन शिकवतो, तेच इथे कामाला येते.

ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा पातळ थर आपोआप असतोच. ॲनोडायझिंगमध्ये तो विजेने जाड करतात. 1923 मध्ये ब्रिटनमध्ये ही पद्धत समुद्री विमानांचे भाग गंजापासून वाचवण्यासाठी वापरात आली.

वस्तू आधी साबणाने अशी धुवावी की तिच्यावर पाण्याचा थेंब गोळा न होता सपाट पसरेल. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तो रंगात दिसतोच. मग सुमारे 15 टक्के सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात ती डीसी पुरवठ्याच्या धन टोकाला जोडायची आणि ऋण टोकाला शिशाचा पत्रा लावायचा. टांगायची तार ॲल्युमिनियमचीच हवी. तांब्याची तार आम्लात विरघळते. द्रावण 20 अंशांच्या आसपास ठेवावे. प्रवाह दर 100 चौरस सेंटिमीटरला साधारण दीड अँपिअर दिला, की 25 मिनिटांत सुमारे 10 मायक्रॉनचा थर येतो.

हा थर टीपकागदासारखा असतो. त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात आणि रंग त्यांतच शिरतो. म्हणून वस्तू स्वच्छ धुऊन 60 अंशांच्या आतबाहेर गरम रंगात बुडवतात. रंग उकळू देऊ नये, नाहीतर तो आत शिरण्याआधीच छिद्रे मिटू लागतात.

वस्तू रंगून बाहेर आली की काम झाले असे वाटते. पुष्कळांची मेहनत इथेच वाया जाते. छिद्रे अजून उघडीच असतात. घाम, तेल, डाग सगळे आत जाते आणि रंग उतरतो. खरे काम शेवटच्या अर्ध्या तासात आहे. वस्तू उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवायची, दर मायक्रॉनला दोन ते तीन मिनिटे. गरम पाण्याने ऑक्साईड फुगतो आणि छिद्रांची तोंडे बंद होतात. यालाच सीलिंग म्हणतात. नळाचे पाणी नको, त्यातले क्षार यात अडथळा आणतात. नंतर कोपऱ्यात शाईचा एक थेंब टाकून पाहावा. पुसल्यावर डाग राहिला, तर सीलिंग अपुरे आहे.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. सीलिंगने गंज आणि डाग थांबतात, पण थराचा कणखरपणा थोडा कमी होतो. म्हणून जिथे धातूवर धातू सतत घासणार, तिथे सील न करता तेल मुरवणे अधिक बरे. मूठ आणि दिसणारे भाग मात्र सील करावेत.

आता आम्लाविषयी, घरात मुले आहेत म्हणून. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही नाही. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. काम गच्चीवर किंवा उघड्या अंगणात करावे, कारण हायड्रोजन वायू आणि आम्लाचे तुषार उडतात. विस्तव जवळ नको. शेजारी पाण्याची बादली आणि सांडलेल्यासाठी खाण्याचा सोडा ठेवावा. कातडीवर आम्ल उडाले तर आधी भरपूर पाणीच. उकळण्याचा टोप वेगळा ठेवावा, तो पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानंतर 18 वर्षांखालील मुलांना आम्ल विकता येत नाही आणि विक्रेत्याने ग्राहकाचे ओळखपत्र पाहायचे असते. तेव्हा मुलांना हे शिकवायचे, तर मोठ्यांनी शेजारी उभे राहावे.

आपल्याकडे हुनर कमी नाही. सब्र मात्र बहुधा रंग चढेपर्यंतच टिकतो. मुलांच्या हाती हत्यार द्याल, तेव्हा हा शेवटचा अर्धा तासही द्या.