स्वल्पविराम कुठे द्यायचा?

परवा बाबांनी त्यांच्या फंडाचं स्टेटमेंट माझ्यापुढे धरलं. आकडा होता १,८५०,०००. चष्मा नाकावर सरकवून, बोट लावून उजवीकडून मोजत होते, एकं, दहं, शतं... "साडेअठरा लाखच ना रे?" आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस, स्वतःचेच पैसे पहिलीतल्या पोरासारखे मोजतोय!

आमच्या प्रॉडक्टमध्येही हेच आहे. सोमवारी विषय काढला तर ठरलेलं उत्तर मिळालं, "डिस्प्लेचा इश्यू आहे रे, लो प्रायॉरिटी." एकाने तर वर सुनावलं की आता मिलियनची सवय लावायला हवी. का म्हणून? हजारानंतर आपल्याकडे दर दोन घरांनी शब्द बदलतो, लाख, कोटी, अब्ज. स्वल्पविराम तिथेच पडतो, कारण वाचताना आपण तिथेच थांबतो.

आणि गंमत बघा, डिस्प्लेला क्षुल्लक म्हणणारी हीच मंडळी व्हेरिएबल डिफाइन करताना मात्र फक्त डिस्प्लेच बघतात! खाते क्रमांकात आकडे दिसतात ना, मग टाक इंटीजर. झालं, सुरुवातीची शून्यं गायब. अहो, खाते क्रमांकांची कधी बेरीज करणार आहात का? मग स्ट्रिंग ठेवा की. रकमेत दशांश चिन्ह दिसलं की टाक डबल. डबल बायनरीत चालतो आणि बायनरीत ०.१ नेमका बसतच नाही. ०.१ + ०.२ करून बघा, ०.३०००००००००००००००४ येतं. मग स्क्रीनवर दोनच दशांश स्थळं दाखवायची. ह्याला फॉरमॅटिंग म्हणत नाहीत, पांघरूण घालणं म्हणतात.

"एवढ्याशा चुकीने काय होतंय?" फेब्रुवारी १९९१, सौदीतलं धाहरान. पेट्रियट यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होती आणि हाच ०.१ तिच्यात २४ बिटांत कापून बसवला होता. यंत्रणा सलग १०० तास चालल्यावर फरक पडला सेकंदाचा सुमारे एक तृतीयांश. स्कड अडवता आलं नाही, २८ अमेरिकन सैनिक गेले. असो, आपण बिलंच छापतो म्हणा.

पण मग बिलं तरी धड छापा. रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवा. १०० रुपये तिघांत वाटले की प्रत्येकापुढे ३३.३३ दिसतात, खाली बेरीज १००.०० आणि ग्राहकाची बेरीज ९९.९९. तो एक पैसा कुणाच्या वाट्याला घालायचा हे कोडमध्ये ठरवायचं असतं, फॉरमॅटरच्या गळ्यात मारायचं नसतं. स्वल्पविरामाचं काम त्याहून सोपं. जावास्क्रिप्टला भारतीय लोकेल सांगा, १८,५०,००० आयतं मिळतं. मराठी लोकेल दिलं तर अंकसुद्धा देवनागरी. जावाच्या नेहमीच्या डेसिमलफॉरमॅटला तीन-दोन-दोनचे गट जमत नाहीत हे मान्य, पण आयसीयू लायब्ररीला जमतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे!

बाबांनी शेवटी पेन घेतलं, छापलेले दोन्ही स्वल्पविराम खोडले, आपले दोन टाकले आणि कागद फाइलला लावला.