आधी फॅक्टर, मग सुई

हिमोफिलिया ए असलेल्या मुलाचे डोके लंबर पंक्चरनंतर बसल्यावर दुखते व आडवे होताच शमते. ‘मेरुद्रव झिरपतो आहे’ एवढेच निदान करून आपण थांबू नये, असे मला वाटते. द्रव घटल्याने मेंदू खाली ओढला जातो. ताणलेल्या शिरा फुटल्यास अशा मुलाच्या जिवावर बेतते. म्हणून शंका येताच आधी फॅक्टर ८ द्यावा, सीटी स्कॅन नंतर. इनहिबिटर नसल्यास किलोमागे ५० युनिटांनी पातळी सुमारे १०० टक्क्यांनी वाढते. विश्रांतीने न थांबणाऱ्या गळतीवर ब्लड पॅच निषिद्ध नाही. मात्र तोही फॅक्टरच्या संरक्षणातच करावा. फॅक्टर हाताशी नसेल तर सुई थांबवावी. मेनिन्जायटिसच्या शंकेत अँटिबायोटिक मात्र क्षणभरही थांबवू नये.