ताळेबंदात आपण कुठे आहोत?

2021 च्या जूनमधली गोष्ट. करोनाचे दिवस होते. मुकुंदवाडीत एका गच्चीवर मायक्रोफायनान्सचे गटकर्ज घेतलेल्या बायका अंतर ठेवून बसल्या होत्या. व्हिडिओकॉनच्या कर्जाचा निकाल लागल्याची बातमी मी त्यांना वाचून दाखवली. एका मावशींनी विचारले, "ताई, आमच्यातल्या एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या नऊजणी तिथल्या तिथं भरतो. ह्या कंपनीला जामीन कोण होतं?"

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली. कौटुंबिक हिंसा, पोटगी, रेशन यावर तासभर बोलू शकते. या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधताना जे हाती लागले, ते मैत्रिणींपुढे ठेवते आहे.

पैठण रस्त्यावर 14 किलोमीटरच्या दगडाजवळचे चितेगाव हा व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचा नोंदणीकृत पत्ता. 1980 च्या दशकात रंगीत टीव्हीने ही कंपनी घराघरांत पोचली. पुढे फ्रीज आणि वॉशिंग मशीन आले, मग तेल-वायू आणि मोबाइल सेवाही आली. 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचाराचे 122 परवाने रद्द केले. त्यातले 21 या समूहाचे होते. कर्जे मात्र राहिली. समूहातल्या कंपन्या एकमेकींच्या कर्जाला सहऋणको होत्या. म्हणजे मावशी, जामीन त्यांचे तेच होते! जून 2018 मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली दाखल करून घेतले. कर्जे एकमेकांत इतकी गुंतलेली होती की ऑगस्ट 2019 मध्ये 13 कंपन्यांची प्रकरणे एकत्र करावी लागली.

जून 2021 मध्ये न्यायाधिकरणाने वेदांत समूहातील ट्विन स्टार टेक्नॉलॉजीजचा प्रस्ताव मंजूर केला. मान्य झालेले दावे सुमारे 64,838 कोटी रुपयांचे आणि मिळणार होते सुमारे 2,962 कोटी. शंभर रुपयांमागे पाच रुपयेही नाहीत. माल व सेवा पुरवणाऱ्या पुरवठादारांची गत याहून वाईट, शंभराला 72 पैसे. बँकांच्या भाषेत अशा सुटीला 'हेअरकट' म्हणतात. हे केस कापणे आहे की मुंडण, अशा अर्थाचा शेरा न्यायाधिकरणाने आदेशातच मारला. या पुरवठादारांत लहान व मध्यम उद्योग बरेच आहेत आणि इतके कमी मिळाले तर त्यांच्यावरही दिवाळखोरीची पाळी येईल, ही भीतीही तिथेच नोंदली आहे. जानेवारी 2022 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ही मंजुरी रद्द करून प्रस्ताव धनकोंच्या समितीकडे परत पाठवला. पण शंभराला 72 पैसे हा हिशेब एकदा मंजूर होऊ शकला, हे विसरून चालणार नाही.

आता आपला प्रश्न. त्या 72 पैशांच्या पलीकडे कोण उभे असते? लहान कारखान्यात सोल्डरिंग करणारी, वायरी जोडणारी, खोकी भरणारी बाई. तिची मजुरी पुरवठादाराच्या वहीत असते आणि पुरवठादाराचे येणे मोठ्या कंपनीच्या वहीत. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात ती कुठेच नसते.

ताळेबंदाच्या शेवटी बारीक अक्षरांतल्या टिपा असतात. 'संभाव्य देणी आणि बांधिलक्या' ही त्यातलीच एक. कंपनीने कोणाला हमी दिली, कोणते करार केले पण अजून पुरे केले नाहीत, कोणते दावे तिच्याविरुद्ध चालू आहेत, हे तिथे सांगावे लागते. पैसे द्यावे लागण्याचीच शक्यता जास्त असेल तर रक्कम हिशेबात धरून तरतूद करायची. लागतील किंवा लागणारही नाहीत असे असेल तर टिपेत नुसता उल्लेख. शक्यता अगदी दूरची वाटली तर उल्लेखही नाही. यात बेकायदेशीर काही नाही, हिशेबाचे नियमच तसे आहेत. पण शक्यता किती, हे आधी ठरवते व्यवस्थापन. लेखापरीक्षक ते नंतर तपासतो. ज्या बाईने कायम करा म्हणून दावा लावला, जिला एका दिवसात कामावरून काढले, तिचा दावा जातो 'कंपनीने देणे म्हणून मान्य न केलेले दावे' या ओळीत. तिचा दावा कंपनीसाठी 'कदाचित' असतो. तिच्या घरी मात्र त्याच पैशातून दुकानदाराची उधारी आणि मुलीची फी भागायची असते.

माझ्याकडे आलेल्या एका ताईंचे उदाहरण सांगते. त्यांच्या कारखान्याचा व्हिडिओकॉनशी संबंध नव्हता, पण साखळी तशीच. नऊ वर्षे सुटे भाग जोडले. "वरून पैसे आले नाहीत" म्हणून मालकाने कुलूप लावले. हजेरी कार्ड ठेकेदाराकडे, पगाराची पावती कधी मिळालीच नाही. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते, नव्या संहितेतही आहे. पण तिथे काम केल्याचा कागद कुठून आणायचा? त्याच महिन्यात त्यांच्या कर्जगटाचा हप्ता मात्र भरला गेला. मंगळसूत्र गहाण पडले. दहा बायकांची हमी कधीच 'संभाव्य' नसते, ती त्याच आठवड्यात वसूल होते.

दिवाळखोरी कायद्यात कामगाराला जागा आहे, पण मत नाही. निर्णय घेणाऱ्या समितीत मतदान करतात ते कर्ज देणारे धनको. कामगार आणि पुरवठादारांचे येणे एकूण कर्जाच्या दहा टक्के झाले तर त्यांचा प्रतिनिधी बैठकीला बसू शकतो, तोही मताशिवाय. कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची शेवटच्या 24 महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येते. भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधीला धनको हात लावू शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये कामगार संघटनेलाही धनको म्हणून अर्ज करता येतो, हे मान्य केले. हे हक्क लढून मिळालेले आहेत. ते वापरले नाहीत तर कागदावरच राहतील.

इथे थोडे आपल्याकडेही पाहू. बचत गटाचे पासबुक तपासायला आपण बायकांना शिकवले. कंपनीचा ताळेबंद मात्र 'युनियनवाल्या भाऊंचे काम' म्हणून सोडून दिला. आणि युनियनमध्ये कंत्राटी बाई सभासदच नव्हती.

म्हणून काही कामे सुचवते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे काम करणाऱ्या प्रत्येकीने हजेरी कार्डाची प्रत, पीएफचा क्रमांक आणि पगाराचा पुरावा घरी ठेवावा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल कोणालाही पाहता येतो. गटातल्या दोघींनी संभाव्य देण्यांची टीप काढून मराठीत सर्वांना समजावून सांगावी. आकडा दरवर्षी फुगत असेल तर वेळीच सावध व्हावे. कंपनी दिवाळखोरीत गेली की जाहीर सूचना प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रातही द्यावी लागते आणि दाव्यासाठी सुरुवातीला 14 दिवसांची मुदत असते. कामगाराने 'डी' नमुना भरायचा. सर्वांच्या वतीने एकच प्रतिनिधी 'ई' नमुना भरू शकतो.

आणि मागण्याही हव्यात. कामगारांचे दावे टिपेत वेगळे दाखवा. ती टीप कारखान्याच्या फलकावर मराठीत लावा. धनकोंच्या समितीत कामगारांना मत द्या. कंत्राटी बायकांची थकबाकी मूळ कंपनीच्या दाव्यांत धरा.

मावशींना मी नंतर उत्तर सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे तेबी एकमेकाला जामीन अन् आम्हीबी. मग वसुलीला फक्त आमच्याच दारात कशाला येतात?"

हा प्रश्न आपापल्या गटात मांडा. काय चर्चा झाली, ते जरूर कळवा.